डोपामाइनवर प्लॅस्टिकची नजर

पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. ही उणीव भरून काढायला लेव्होडोपाची गोळी दिली जाते. मात्रा कमी पडली तर शरीर आखडते. जास्त झाली तर अंगाला नको असलेल्या हालचाली सुरू होतात. पण मेंदूत डोपामाइन किती आहे, हे दवाखान्यात थेट मोजता येत नाही.

यासाठी संशोधक सेंद्रिय ट्रान्झिस्टरकडे वळले आहेत. त्यात सिलिकॉनऐवजी वीजवाहक प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. डोपामाइन इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन सोडते. त्यामुळे थरात शिरणाऱ्या आयनांचे प्रमाण आणि थरातून वाहणारा विद्युतप्रवाह बदलतो. सूक्ष्म संकेत तिथल्या तिथे मोठा होतो.

अडचण आहे ‘क’ जीवनसत्त्वाची. मेंदूत ते कितीतरी जास्त असते आणि जवळपास त्याच विद्युतदाबाला इलेक्ट्रॉन सोडते. उपाय म्हणून इलेक्ट्रोडवर ऋणभारित पडदा चढवतात. धनभारित डोपामाइन आत जाते, ऋणभारित ‘क’ जीवनसत्त्व बाहेर अडते.

२००० साली रसायनशास्त्राचे नोबेल वीजवाहक प्लॅस्टिकला मिळाले, तर वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये आर्विड कार्लसन यांच्या डोपामाइनवरील संशोधनाचा वाटा होता. हे दोन धागे आता एकत्र आले आहेत. मात्र हे तंत्र अजून प्रयोगावस्थेत आहे. रुग्णांनी गोळीची मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदलावी.