पाड्यापासून पटापर्यंत

दहिसरचा नाका मागे टाकून महामार्गाने उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशाच्या दृष्टीस काशीगाव हे आता गाव म्हणून पडतच नाही. एका अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगररांगेचा पायथा, दुसऱ्या अंगास मीरा रोडच्या इमारतींची दाटी आणि मधोमध मेट्रोच्या उन्नत मार्गाचे खांब, एवढेच त्याला दिसते. आणि काजूपाडा, माशाचा पाडा ही नावे कानावर पडली तरच या सिमेंटच्या पसाऱ्याखाली एक जुनी आगरी-वारली वस्ती आपले अस्तित्व टिकवून आहे, याची त्यास जाणीव होते. १९८५ साली येथील ग्रामपंचायती एकत्र येऊन मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत जेमतेम पावणेदोन लाख भरलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या पुढे गेली. ही माणसे आली, तशी त्यांची मुलेही आली. नोकरदारांची मुले दारात येणाऱ्या बसमधून खाजगी शाळांत जातात. परंतु पाड्यावरच्या वारल्याचे, बांधकामावरच्या गवंड्याचे, नाक्यावर रोजंदारीसाठी उभ्या राहणाऱ्या मजुराचे आणि घरकामास जाणाऱ्या बाईचे मूल ज्या शाळेत येते, ती महापालिकेची दोनचार खोल्यांची प्राथमिक शाळा होय. अशा शाळेचा चैत्रातला एक आठवडा कसा जातो, हे सर्वसाधारण वाचकास क्वचितच ठाऊक असते.

त्या आठवड्यात सारेच एकदम येऊन पडते. डोंगरावर करंजाला नवी पालवी फुटलेली असते, काटेसावरीची बोंडे तडकून कापूस वाऱ्यावर उडू लागलेला असतो, आणि उन्हाच्या काहिलीमुळे शाळा सकाळच्या सत्रात भरू लागलेली असते. म्हणजे पोरांना झोपेतून उठवून आणण्याचे एक काम वाढलेले असते. द्वितीय सत्राचे संकलित मूल्यमापन सुरू असते. ११ एप्रिलला महात्मा फुल्यांची जयंती आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची. दोन्ही दिवशी प्रतिमापूजन, मुलांची भाषणे आणि ती भाषणे पाठ करवून घेण्याची खटपट. नव्याने पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचा मेळावा याच सुमारास. १ मेच्या निकालासाठी प्रगतिपुस्तके भरायची, सादिल खर्चाचा हिशेब मिळवायचा, कीर्द बंद करायची, जडसंग्रहाच्या नोंदवहीतील बाके मोजून पाहायची; आणि या सर्वांच्या वरताण म्हणजे पट भरायचा. 'गुढीपाडवा, पट वाढवा' ही महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षकांची घोषणा ज्यांनी ऐकली असेल, त्यांना तिच्यातील उत्साह लक्षात येतो. तिच्यामागची पायपीट मात्र ध्यानात येत नाही.

शाळा सुटल्यावर, ऊन अगदी माथ्यावर असताना, गुरुजी आणि बाई वही घेऊन वस्तीत निघतात. शिरस्त्याप्रमाणे अंगणवाडीच्या सेविकेकडून सहा वर्षांच्या मुलांची यादी घेतलेली असते, परंतु यादीतली निम्मी घरे यादीतल्या ठिकाणी सापडत नाहीत. इमारत पुरी झाली की मजुरांच्या झोपड्या उठतात आणि दुसऱ्या पायाखोदणीजवळ पुन्हा उभ्या राहतात. तेथे पुरुषमाणूस भेटत नाही. भेटते ती एखादी आजी, किंवा पाठच्या भावंडाला कडेवर घेऊन उभी असलेली आठदहा वर्षांची मुलगी. ती मुलगी स्वतः कोणत्या शाळेत जाते, हा प्रश्न त्या क्षणी यादीतल्या मुलाहून अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि अनुभवी शिक्षक आधी तोच विचारतात. “आजी, पोर शाळेत धाडा, वह्यापुस्तकं, गणवेश आम्ही देतो,” असे सांगितले की पुष्कळदा उत्तर येते, “धाडीन गुरुजी, पण पंधरा दिसांत गावाला जायचंय.” चैत्राच्या या दिवसांतच नावनोंदणीची घाई का करावी लागते, याचे सगळे उत्तर त्या वाक्यात आहे. मे महिन्यात मजूर गावाकडे पांगतो; त्यापूर्वी ज्याच्याशी शाळेचे नाते जडले नाही, ते मूल जूनमध्ये परत आले तरी शाळेच्या दारात आपण होऊन उभे राहीलच, असा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

नाव मिळाले की ते दाखलखारीज रजिस्टरात चढते. हे रजिस्टर एकदा तरी जवळून पाहावे. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची ती लांबट वही उघडली की एका मुलासाठी दोन्ही पानांवर पसरलेली एकच आडवी ओळ असते: अनुक्रमांक, मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख आधी अंकात आणि मग अक्षरात, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, आणि उजवीकडच्या पानाच्या टोकाशी, पुढे कित्येक वर्षे कोरे राहावेत अशी ज्यांच्याविषयी शिक्षकाची इच्छा असते ते रकाने, शाळा सोडल्याची तारीख व कारण. या वहीत खाडाखोड चालत नाही. पुढे दाखला, जातीचे प्रमाणपत्र, नोकरी, निवृत्ती, या सर्वांच्या मुळाशी हीच ओळ जाते, म्हणून मुख्याध्यापक ती स्वतःच्या हाताने, शब्दाशब्दाची खातरजमा करून लिहितात. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलाला १ जून ही तारीख बहाल करण्याची जुन्या मास्तरांची रीत होती, आणि एका पिढीतल्या असंख्य मराठी माणसांचे वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतात. आता तसे करण्याचे कारण उरलेले नाही. जन्माचा दाखला नसला तर रुग्णालयाची किंवा परिचारिकेची नोंद, तीही नसली तर अंगणवाडीची नोंद, आणि काहीच नसले तर पालकाचे स्वयंघोषणापत्र, असा क्रम नियमात घालून दिलेला आहे. वयाचा पुरावा नाही एवढ्या सबबीवर कोणत्याही मुलास प्रवेश नाकारता येत नाही. तरीही आई जेव्हा “शिमगा झाला, त्याच्या दोन दिसांनी” असे सांगते, तेव्हा कोणत्या वर्षीचा शिमगा हे तिच्याशी बोलत बोलत, थोरल्या भावाच्या इयत्तेवरून आणि गावाकडच्या लग्नाच्या आठवणीवरून निश्चित करणे, हे कामही मुख्याध्यापकांनाच करावे लागते, आणि ते घाईने होत नाही.

ज्या दोन महापुरुषांच्या प्रतिमांना त्याच आठवड्यात हार घातले जातात, त्यांचा या वहीशी संबंध केवळ औपचारिक नाही. जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी स्पष्ट मागणी होती; रयतेच्या करांतून जमणारा पैसा उच्च शिक्षणावर खर्ची पडतो आणि रयतेची मुले मात्र निरक्षर राहतात, हा अन्याय त्यांनी निर्भीडपणे मांडला होता. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले. गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढल्या वर्षी फेटाळले गेले. १९१७ साली शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने ज्या संविधानाचा मसुदा सिद्ध केला, त्यात दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत शिक्षण देण्याचे अभिवचन होते. ते अभिवचन मूलभूत हक्क म्हणून घटनेत यावयास २००२ साल उजाडले आणि त्याचा कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. या कायद्याने सक्तीचा रोख बदलला, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पूर्वी दंडाची तलवार बापावर होती; आता मूल शोधून त्याला शाळेत आणण्याची, टिकविण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर आहे. आपल्या हद्दीतील प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे, ही महापालिकेची कायदेशीर कर्तव्ये आहेत. आणि ती कर्तव्ये काशीगावच्या उन्हात प्रत्यक्ष ज्या पायांवर चालत जातात, ते पाय गुरुजींचे आणि बाईंचे असतात.

मेळाव्याचा दिवस मात्र आनंदाचा. २०२२ पासून राज्यभर होणाऱ्या या मेळाव्यात ओसरीवर टेबले मांडलेली असतात आणि नवे मूल आईचा पदर धरून एकेका टेबलापाशी जाते. एके ठिकाणी खडूच्या रेषेवरून चालायचे, चेंडू फेकायचा. दुसरीकडे पाने आणि मणी रंगांप्रमाणे वेगळे करायचे. कोठे चित्रातल्या बाजाराविषयी मनास येईल ते बोलायचे, कोठे काड्या लांबीच्या क्रमाने लावायच्या आणि मोजायच्या. ही परीक्षा नव्हे, हे बाई प्रत्येक आईला पुनःपुन्हा सांगतात, कारण मूल गप्प राहिले की आईच घाबरी होते. पोर अनोळखी टेबलापुढे मुकाट उभे राहते आणि शेजारच्या पायरीवर बसून त्याच काड्या बिनचूक मोजते, असेही घडते. तेव्हा जाणती बाई टेबल सोडून पायरीवर जाऊन बसते. शेवटी आईच्या हाती काही कार्डे पडतात: घरातली भांडी लहानमोठी लावून घ्या, भाकऱ्या मोजायला सांगा, गोष्ट सांगा आणि पोराकडून ऐका. वस्तीतल्या पाचसहा आयांचा एक गट करून सुटीतले दोन महिने हे चालू ठेवायचे आणि जूनमध्ये दुसऱ्या मेळाव्यात मुलाची प्रगती पुन्हा पाहायची, अशी ही योजना आहे.

ही कल्पना कागदावर नवी असली तरी या मुलखाला अपरिचित नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच, बोर्डीला, बालशिक्षणाचे काम आरंभिले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्या दोघींनी वारल्यांच्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने कुरणात जावे, म्हणून कुरणशाळा काढल्या. शंख, शिंपले, बिया आणि काटक्या हीच तेथील शिक्षणाची साधने होती. काशीगावच्या ओसरीवर काड्या मोजणारे वारल्याचे पोर पाहताना त्या दोघींचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

परीक्षेविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पाचवीचे वर्ग जेथे आहेत तेथे आता वार्षिक परीक्षेची थोडी धास्ती असते, धाकट्यांना तीही नसते. पोषण आहाराची खिचडी मात्र परीक्षा असो वा जयंती, चुकत नाही. प्राथमिक वर्गातील मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ हे तिचे प्रमाण ठरलेले असून, सकाळच्या शाळेत पाड्यावरचे मूल बहुधा उपाशीच येते, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

आठवड्याच्या अखेरीस काही पालक गावी जाण्यापूर्वी दाखला मागावयास येतात. त्यांना शहाणा मुख्याध्यापक लगेच दाखला लिहून देत नाही. परत येणार आहात का, हे आधी विचारतो. गावाकडच्या शाळेत जावयाचेच असेल तर दाखल्यास विलंब झाला म्हणून तेथील प्रवेश अडत नाही, हे तो समजावतो, आणि नाव इतक्यात खारीज करू नका, अशी गळ घालतो. ज्या शिक्षकाने हे सारे करावयाचे, त्यालाच त्याच दिवशी रात्री प्रत्येक मुलाचा आधार क्रमांक, गुण, उंची आणि वजन संगणकावर भरावे लागते. जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण यांखेरीज इतर शिक्षणबाह्य कामे शिक्षकांस देऊ नयेत, असे कायदाच म्हणतो. परंतु माहिती भरण्याचे हे काम शैक्षणिक समजले जात असल्याने त्यास मर्यादाच राहिलेली नाही. दोन शिक्षकांच्या शाळेला एप्रिल-मेपुरता तरी एक कारकून महापालिकेने द्यावा, म्हणजे वस्तीतल्या फेऱ्यांना संध्याकाळ मोकळी मिळेल. कारण ३० सप्टेंबरला पटावर जेवढी मुले असतील, त्यांवरून शाळेची संचमान्यता होते आणि शिक्षकांची पदे ठरतात. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि त्यापुढे नव्वदपर्यंत तीन, असे कायद्याच्या परिशिष्टात प्रमाण दिलेले आहे. आणि ते एकसष्टावे नाव, ज्याच्या आधाराने तिसरा शिक्षक मागता येतो, बहुतकरून चैत्रातल्या अशाच एखाद्या दुपारी, बांधकामाच्या कडेला उभ्या असलेल्या झोपडीत सापडलेले असते.