हौदात उतरण्याआधी

टोकियोच्या जुन्या वस्त्यांत दोन-तीन मजली घरांच्या वर डोकावणारं एखादं उंच धुराडं दिसलं, तर त्याच्या बुडाशी कारखाना असेलच असं नाही. बऱ्याचदा तिथे सेंतो असतो, म्हणजे वस्तीचं सार्वजनिक स्नानगृह. दुपारी तीन-चारच्या सुमारास त्याच्या दाराशी कापडी पडदा लागतो आणि मध्यरात्रीपर्यंत आसपासची माणसं पंचा-साबण घेऊन येत-जात राहतात. जपानला जाणारे मराठी पर्यटक देवळं पाहतात, बुलेट ट्रेनमध्ये बसतात, पण या दारातून आत जायला बिचकतात. अडचणी दोन. अनोळखी माणसांसमोर पूर्ण विवस्त्र व्हायचं, आणि ज्या पाण्यात वीस माणसं उतरून गेली त्यातच आपणही उतरायचं. पहिल्या अडचणीवर ज्याचा त्याने तोडगा काढावा. दुसरी शंका मात्र अगदी रास्त आहे, आणि सेंतोची सगळी रचना, तिथला प्रत्येक नियम, हे तिचंच उत्तर आहे.

आपण माठात उष्टा पेला बुडवत नाही. सेंतोतल्या हौदाचा दर्जा त्या माठाचा आहे. हौद अंग धुण्यासाठी नाहीच, अंग शेकण्यासाठी आहे. धुणं सगळं बाहेर, बसून, साबण लावून, शेवटचा फेस निघेपर्यंत. स्वच्छ झालेल्या माणसानेच हौदात पाय टाकायचा. हे एकदा मनात ठसलं की पुढचं कुणी शिकवावं लागत नाही.

आता दारापासून सुरुवात करू. टोकियोतल्या जुन्या सेंतोचं तोंड एखाद्या देवळासारखं असतं: कौलारू उतरतं छप्पर, दर्शनी भागात धनुष्यासारखी बाक घेतलेली कमान. 1923च्या कांतो भूकंपात शहर बेचिराख झालं, आणि नव्याने बांधताना सेंतोंना हे भारदस्त रूप मिळालं. आत शिरताच बूट काढायचे आणि लाकडी कप्प्यात ठेवायचे. कप्प्याची किल्ली म्हणजे आकडा कोरलेली एक जाड लाकडी पट्टी. ती ओढून काढली की कप्पा बंद.

त्यापुढे दोन दारं, दोन पडदे: एक पुरुषांचं, एक बायकांचं. पडद्यावरची चिन्हं जाण्याआधी नीट ओळखून ठेवावीत. पुरुषांचं 男, बायकांचं 女. पुरुषांचा पडदा बहुधा निळा आणि बायकांचा लाल असतो, पण रंगावर विसंबू नये. पूर्वी या दोन्ही बाजूंच्या मधोमध एका उंच ओट्यावर मालक किंवा मालकीण बसे, तिथूनच पैसे घेई आणि दोन्हीकडे नजर ठेवी. आता बहुतेक ठिकाणी हॉटेलसारखा काउंटर बाहेर आला आहे. मुलगे आईबरोबर बायकांच्या बाजूला जाऊ शकतात, पण त्याला वयाची मर्यादा आहे. टोकियोत ती पूर्वी दहा वर्षांची होती. 2022च्या जानेवारीपासून सात वर्षांच्या आणि त्यावरच्या मुलांना दुसऱ्या बाजूला जाता येत नाही.

पैशांचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. सेंतोचा दर मालक ठरवत नाही, त्या त्या प्रांताचा राज्यपाल ठरवतो. महायुद्धानंतर महागाई आवरण्यासाठी 1946मध्ये जपानने किमतींवर नियंत्रण आणणारा एक आदेश काढला. तांदळासकट अनेक वस्तू त्याखाली होत्या. एकेक करून सगळ्या सुटल्या, आज त्या आदेशाखाली उरली आहे ती सेंतोच्या दराची कमाल मर्यादा. टोकियोत प्रौढांसाठी ती 2022मध्ये 500 येन झाली आणि 2024च्या ऑगस्टमध्ये 550 येन. अंघोळ ही चैन नव्हे, ती अन्नासारखीच प्रत्येकाच्या आवाक्यात असली पाहिजे, हा त्यामागचा विचार. कारंजी, बाष्पस्नान, उपाहारगृह असा थाट असलेली मोठी केंद्रंही असतात. त्यांना हे बंधन नाही आणि त्यांचे दर बरेच जास्त असतात. वस्तीतला सेंतो वेगळा.

पैसे दिले की कपडे बदलायची खोली. कपडे कप्प्यात किंवा वेताच्या टोपलीत ठेवायचे. फोन इथेच राहतो, बाहेर काढायचाही नाही. सोबत न्यायचा तो एक छोटा पातळ पंचा, आणि साबण-शांपू. काहीच आणलं नसेल तर पंचा भाड्याने मिळतो, साबणाची छोटी पाकिटं विकत मिळतात. केस लांब असतील तर ते इथेच वर बांधावेत, कारण केसांची टोकं हौदाच्या पाण्याला लागलेली चालत नाहीत.

सरकतं काचेचं दार उघडलं की मुख्य दालन. छत खूप उंच, आणि माथ्याशी खिडक्यांची रांग, वाफ निघून जावी म्हणून. पुरुष-बायकांच्या मधली भिंत छतापर्यंत जात नाही. त्यामुळे एका बाजूने हाक मारली की दुसऱ्या बाजूला ऐकू जाते, आणि निघायची वेळ झाली की नवरा-बायको एकमेकांना तसं सांगत.

आता धुण्याची जागा. भिंतीलगत किंवा मधल्या बुटक्या कठड्यालगत आरशांची आणि नळांची रांग असते. दाराशी रचून ठेवलेलं एक बुटकं स्टूल आणि एक छोटं घमेलं उचलायचं, मोकळ्या नळासमोर बसायचं, आधी स्टूल पाण्याने धुऊन घ्यायचं. नळ दोन, एक गरम, एक थंड. ते फिरवायचे नसतात, दाबून धरायचे असतात. हात सोडला की पाणी बंद. म्हणजे दोन्ही पाणी घमेल्यात घेऊन हवं तसं कोमट करायचं आणि अंगावर ओतायचं. शॉवर भिंतीत असतो, तोही उभं राहून वापरायचा नाही, शेजाऱ्यावर शिंतोडे उडतात. अगदी पाटावर बसून अंघोळ करणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना हे सगळं सवयीचंच वाटलं असतं.

घमेल्याकडे जरा नीट पाहावं. ते बहुतेकदा पिवळं प्लास्टिकचं असतं आणि तळाशी लाल अक्षरांत केरोरिन हे नाव छापलेलं असतं. हे एका वेदनाशामक औषधाचं नाव. तोयामा प्रांतातल्या नाइगाई याकुहिन या औषध कंपनीने 1963मध्ये जाहिरातीसाठी ही घमेली सेंतोंना पुरवायला सुरुवात केली. आधी ती पांढरी होती, पण मळ दिसायचा म्हणून पिवळी झाली. त्यांचे दोन आकार आहेत. टोकियोकडचं साधारण 360 ग्रॅमचं, ओसाका-क्योतोकडचं 260 ग्रॅमचं. टोकियोत नळाचं पाणी घमेल्यात भरून घेतात, तर ओसाकाकडे हौदातलंच पाणी काढून अंगावर ओतायची रीत आहे. भरलेलं मोठं घमेलं तिथे पुन्हा पुन्हा उचलायला जड पडलं, म्हणून लहान बनवलं. हौदाची जागाही त्याच रीतीने ठरली आहे. टोकियोत हौद दालनाच्या टोकाला, भिंतीला लागून असतो. ओसाकाकडे तो अनेकदा मधोमध असतो, चहूबाजूंनी पाणी काढता यावं म्हणून.

टोकियोच्या हौदामागच्या भिंतीवर फुजी पर्वताचं भलंमोठं चित्र असतं. ही प्रथा 1912मध्ये कांदा भागातल्या किकाइ-यु या सेंतोत सुरू झाली. लहान मुलांना अंघोळीची गोडी लागावी म्हणून मालकाने भिंत रंगवायचं ठरवलं, आणि ते काम कावागोए कोशिरो या चित्रकाराला दिलं. तो शिझुओकाचा, म्हणजे फुजीच्या प्रांतातला. त्याने आपला डोंगर काढला. पुढे जाहिरात कंपन्या सेंतोंना चित्र फुकट काढून देऊ लागल्या, त्याबदली चित्राखाली वस्तीतल्या दुकानांच्या पाट्या लागत. वाफेने रंग सुटतो, म्हणून चित्र पुन्हा पुन्हा रंगवावं लागतं. सेंतो आठवड्यातून एकदा बंद असतो, त्या एका दिवसात चित्रकार रिकाम्या हौदावर फळ्या टाकून आभाळापासून सुरुवात करतो आणि संध्याकाळपर्यंत खाली पाण्यापर्यंत येतो. हे काम करणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांतल्या तानाका मिझुकी या चित्रकर्तीचं काम पाहायला मिळालं तर अवश्य पाहावं.

अंग धुऊन झालं, फेस पूर्ण गेला, बसलेली जागा पाण्याने साफ केली की मग हौद. टोकियोत पाणी कडक असतं, 42 अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही वर. एकदम उडी मारू नये. आधी पायावर, मग खांद्यावर दोन-चार घमेली पाणी घ्यावं, काठावर बसून पाय सोडावेत, मग हळूहळू गळ्यापर्यंत. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. तो घडी करून डोक्यावर किंवा काठावर ठेवतात. पाणी फार कढत वाटलं तर थंड नळ सोडण्याआधी शेजाऱ्याला विचारावं, कारण रोज येणाऱ्या म्हाताऱ्यांना तो कडकपणाच हवा असतो. पोहायचं नाही, डोकं बुडवायचं नाही. दोन-तीन मिनिटांनी बाहेर यावं, थोडं निवावं, हवं तर पुन्हा उतरावं. जपानच्या ग्राहक संरक्षण खात्याचा सल्ला 41 अंशांपर्यंतचं पाणी आणि दहा मिनिटांपर्यंतचा वेळ असा आहे. हिवाळ्यात थंड खोलीतून एकदम कढत पाण्यात गेल्याने रक्तदाब वरखाली होऊन वृद्ध दगावतात. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि दारू घेतलेल्यांनी हे मनावर घ्यावं.

पाण्याचं काय होतं ते भिंतीमागे कळतं. हौदातलं पाणी सतत खेचलं जातं, जाळीत केस अडतात, गाळणीच्या वाळूतून ते गाळलं जातं, क्लोरीन मिसळतं, पुन्हा तापतं आणि हौदात परत येतं. पूर्वी बॉयलरमध्ये पाडलेल्या घरांची लाकडं जळत. काही सेंतो अजून लाकूड वापरतात, बहुतेक गॅसवर गेले आहेत. रात्री शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर हौद रिकामा होतो आणि मालकाचं कुटुंब तो घासायला घेतं. ते काम मध्यरात्र उलटेपर्यंत चालतं. दुसऱ्या दिवशी दार उघडताच आत जायला म्हातारी मंडळी बाहेर उभी असतात ती ताज्या पाण्याच्या ओढीने.

ही रीत जुनी आहे. तोकुगावा इएयासु हा सरदार 1590मध्ये एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, आला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या एका पुलाजवळ इसे योइची नावाच्या माणसाने पैसे घेऊन वापरायचं स्नानगृह काढलं, अशी नोंद आहे. लाकडी घरांच्या दाट शहरात घरोघरी चूल पेटवून पाणी तापवणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्यामुळे लोक बाहेर अंघोळ करत. शिकितेइ सानबाने 1809पासून लिहिलेली ‘उकियोबुरो’ ही कादंबरी तर सगळीच्या सगळी स्नानगृहातल्या गप्पांवर उभी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यांतून शहरात आलेल्या माणसांना एकेका खोलीची बिऱ्हाडं मिळाली, त्यांत न्हाणीघर नसे. 1968च्या सुमारास देशभरात जवळजवळ 18,000 सेंतो होते. टोकियोतल्या अनेक मालकांचं मूळ इशिकावा, तोयामा, निइगाता या बर्फाळ प्रांतांत आहे. गावच्या माणसाने गावच्या पोराला बोलवायचं, राबवून शिकवायचं, मग वेगळा सेंतो काढून द्यायचा, अशी ती साखळी होती.

मग घरोघरी न्हाणीघर आलं. घरचा हौदही याच नियमाने चालतो: आधी बाहेर धुवायचं, मग एकाच पाण्यात घरातले सगळे पाळीपाळीने बसतात. पाहुणा असला तर त्याचा मान पहिला. भिंतीवरचं बटण दाबलं की हौद ठरलेल्या उंचीपर्यंत भरतो, पाणी निवलं तर पुन्हा तापतं. उरलेलं पाणी अनेक घरांत छोट्या पंपाने कपडे धुण्याच्या यंत्रात सोडतात. घरीच सोय झाल्यावर सेंतो ओस पडू लागले. आज त्यांची संख्या 2,000च्या खाली आली आहे. इंधन महाग, दर सरकारच्या हातात, मुलं या धंद्यात यायला तयार नाहीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दिवसातून एकदा कुणीतरी नावाने ओळखणारं भेटतं ते इथे. दोन दिवस आला नाही तर चौकशी होते.

आणि या समाजाला अंघोळ किती निकडीची वाटते ते संकटात दिसतं. 2024च्या जानेवारीत नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, नळ बंद पडले. तेव्हा जपानच्या संरक्षण दलाने तंबूत हौद उभारून कढत पाण्याची सोय केली. त्या तंबूंच्या दारांनाही रीतसर पडदे लावलेले होते, पथक जिथून आलं त्या भागाची नावं घातलेले.

काही मालक नव्याने उभे राहतात तेही सांगायला हवं. टोकियोच्या कोएंजी भागातला 1933चा कोसुगियु हा सेंतो तरुणांनी भरलेला असतो, आणि 2024मध्ये त्याने हाराजुकूच्या एका नव्या इमारतीत दुसरी शाखा काढली. सणवारही पाळले जातात: 5 मे रोजी हौदात शोबू नावाच्या वनस्पतीची लांब पानं सोडतात, हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी युझू नावाची पिवळी, सुवासिक लिंबं. टोकियोच्या ओता भागात तर जमिनीतून येणारं चहासारखं काळपट पाणी सेंतोच्या दरात मिळतं. हा रंग प्राचीन काळी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा. अंगावर गोंदण असलेल्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांवरची अनेक हॉटेलं मज्जाव करतात, वस्तीतले सेंतो सहसा करत नाहीत.

हौदातून निघाल्यावर पंचा पिळून अंग टिपून घ्यायचं आणि मगच काचेचं दार उघडायचं, म्हणजे पलीकडची जमीन ओली होत नाही. बाहेर फ्रीजमध्ये काचेच्या बाटल्यांत थंड कॉफी-दूध असतं. ते घ्यावंच.

विवस्त्र होण्याचा संकोच जातच नसेल तर कोगानेइच्या एदो-तोक्यो खुल्या वास्तुसंग्रहालयात जावं. तिथे 1929मध्ये बांधलेला कोदाकारा-यु हा सेंतो जसाच्या तसा हलवून उभा केला आहे. कपडे घालूनच नळ, आरसे, चित्र, कोरडा हौद सगळं जवळून पाहता येतं. आणि टोकियोच्या निशिकासाईत मराठी घरं बरीच आहेत. तिथे कुणाकडे उतरलात तर त्यांच्या एदोगावा भागात अजून चालू असलेले पुष्कळ सेंतो आहेत. आठवड्याची सुट्टी कधी ते दारावर लिहिलेलं असतं. गर्दी टाळायची तर दार उघडल्यावरचा पहिला तास सोडून, रात्रीच्या जेवणाआधी जावं.