योजना आहेत, सोबत कोण येणार?

२०११च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले १० कोटींहून अधिक लोक होते. महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळपास एक जण ज्येष्ठ होता. तेव्हापासून हे प्रमाण वाढतच गेलं आहे आणि त्याच काळात घरं मात्र रिकामी होत गेली.

कोकणातल्या आणि साताऱ्याच्या डोंगराळ पट्ट्यातल्या कित्येक वाड्यांमध्ये कमावते हात मुंबई-पुण्याला गेले. मागे राहिली ती म्हातारी माणसं. शहरांत मुलं परदेशी असतात आणि जुन्या इमारतींना लिफ्ट नसते. गुडघे दुखू लागले की तिसरा मजला उतरणंच बंद होतं. मग भाजी, देऊळ, कट्टा एकेक करून सुटत जातं. बायकांची स्थिती आणखी बिकट असते. त्या जास्त जगतात, नवरा वयाने मोठा असतो आणि शेत-घर बहुधा त्यांच्या नावावर नसतं. उतारवयातलं वैधव्य म्हणूनच परावलंबनही घेऊन येतं.

सरकारी आधार अजिबात नाही, असं नाही. २००७च्या कायद्यानुसार आईवडिलांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट घातली असेल आणि ती मोडली, तर बक्षीसपत्र रद्दही होऊ शकतं. ती अट लिहून घेतल्याशिवाय कोणीही सही करू नये. एसटीत पंच्याहत्तरी पूर्ण झाल्यावर प्रवास मोफत आहे. १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. श्रावणबाळ योजनेत दरमहा दीड हजार रुपये मिळतात. पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला १,७५०! आजच्या महागाईत ही मर्यादा अन्यायकारक आहे आणि ती बदलायलाच हवी.

पण खरी अडचण पैसे काढताना बँकेच्या काउंटरवर येते. आयुष्यभर भांडी घासलेल्या, खुरपं चालवलेल्या आजीच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. ती ओळख पटवणाऱ्या यंत्रावर अंगठा ठेवते, यंत्र नाकारतं. ती पदराला बोट पुसून पुन्हा ठेवते. मागची रांग कुरकुरते आणि शेवटी ‘उद्या या’ ऐकून ती परत फिरते. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी आता चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, पण त्यासाठी स्मार्टफोन आणि तो वापरून देणारं कोणीतरी लागतं. तेच कोणीतरी कित्येक घरांत नाही.

ही उणीव भरून काढायची ताकद गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये आहे. ‘फेस्कॉम’ या महासंघामुळे राज्यभर त्यांचं जाळं आहे. हास्यक्लब, वाढदिवस, सहली यांनी एकटेपणा हटतो, हे मोठंच काम. मात्र जो संघापर्यंत चालत येऊ शकत नाही, त्याच्या दारी कोणी जायचं? गावात आरोग्याचं काम करणाऱ्या ‘आशा’ताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने मानधनावर सोबती नेमावेत. दवाखान्यात नेणं, अर्ज भरणं, औषधांच्या वेळा बघणं ही त्यांची कामं असावीत. सांभाळ करणाऱ्या सुनेला किंवा लेकीलाही थोडी उसंत मिळावी, यासाठी दिवसाची विरंगुळा केंद्रं हवीत. तिची दमछाक आपल्या हिशेबात कधीच धरली जात नाही.

सरकार हे करेल तेव्हा करेल. या दिवाळीत फराळाचं ताट शेजारच्या आजी-आजोबांकडे नेलंत, तर थोडं बसा. बँकेचं, दवाखान्याचं कुठलं काम अडलंय ते विचारा आणि भाऊबीज झाली की त्यांच्यासोबत जाऊन ते पूर्ण करून या.