अडलेले दार

दौलताबादच्या किल्ल्याच्या दरवाजांवर अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत. हत्तीने धडक देऊन दरवाजा फोडू नये, म्हणून ते ठोकलेले होते. घरातील सरकत्या काचेच्या दाराला खिळे नसतात; तरीही ते अडले असता धडक देऊ नये. काच फुटली, तर हात कापतो.

असे दार खालच्या खाचेत बारीक चाकांवर सरकते. खाचेत धूळ व खडे साचले, की चाके अडखळतात. प्रथम कडी पाहावी. ती निघत नसेल, तर दार चौकटीकडे किंचित दाबावे. ताण गेला, की कडी बहुधा सुटते. मग खाच झाडून घ्यावी. तेल घालू नये. त्यावर धूळ चिकटते. तरीही दार न सरकल्यास वडीलधाऱ्यांस बोलवावे.

मुलांनो, बळ लावण्यापूर्वी अडचणीचे कारण शोधावे.