संघटनात्मक वर्तन आणि ऊसतोडणीची टोळी : अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर कारखानदारीच्या संदर्भात

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमात 'संघटनात्मक वर्तन' हा विषय शिकविताना बहुधा हॉथॉर्न प्रयोगांपासून प्रारंभ केला जातो. शिकागोजवळील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या या प्रयोगांनी कामगार हा केवळ वेतनासाठी काम करणारा घटक नसून तो गटाचा सदस्य असतो, हे दाखवून दिले. तथापि या व तत्सम अभ्यासांमध्ये एक गृहीतक दडलेले आहे. कामगार कारखान्याच्या भिंतीच्या आत असतो, व्यवस्थापक त्याला पाहू शकतो आणि तो कोणाचा नोकर आहे याविषयी संदेह नसतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रमुख उद्योगाला मात्र हे गृहीतक लागू पडत नाही.

हरेगाव, टिळकनगर येथील खासगी कारखान्यांमुळे या जिल्ह्याला साखरधंद्याची ओळख पूर्वीच झाली होती. १९५०-५१ च्या हंगामात लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या कारखान्याने शेतकऱ्याला मालक केले. सहकारी साखर कारखान्यातील मानवी संबंधांचा विचार करताना सभासद शेतकरी आणि कायम व हंगामी कर्मचारी या दोन घटकांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसरा घटक म्हणजे ऊसतोडणी कामगार. हंगामात ज्याच्या कोयत्यावाचून गव्हाणीत मोळी पडू शकत नाही, असा हा घटक हजेरीपटाबाहेरच राहिला. प्रस्तुत लेखात त्याच्या कामाच्या संघटनेचे विवेचन केले आहे.

टोळीची रचना

पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे जिल्ह्यातील तालुके आणि शेजारचा बीड जिल्हा येथून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडतात. कामाचे एकक व्यक्ती नसून 'कोयता' आहे. पती-पत्नी मिळून एक कोयता होतो आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हटले जाते. अशा अनेक कोयत्यांची टोळी आणि टोळीवर मुकादम, अशी ही रचना होय. ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळी बांधणे आणि ती डोक्यावरून वाहून वाहनात भरणे हे संपूर्ण काम टोळीच पार पाडते. कामाची वाटणी कोणी लिहून दिलेली नसते.

या रचनेचे साम्य हॉथॉर्नपेक्षा ब्रिटनमधील कोळसा खाणींत अधिक आढळते. एरिक ट्रिस्ट व के. डब्ल्यू. बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथील जुन्या पद्धतीत खाणकामगार आपले साथीदार स्वतः निवडत, सर्व कामे आलटून पालटून करीत आणि मोबदला वाटून घेत. यंत्रांसोबत कामाचे तुकडे पाडणारी पद्धत आली, तेव्हा ही जोडगोळी मोडली. तिच्यासोबत परस्परविश्वासही गेला. ऊसतोडणीची टोळीदेखील नात्यागोत्याच्या व गावकीच्या आधारे स्वतःच जुळते. तांत्रिक अंगाने पाहता तो एक स्वयंनियंत्रित कार्यगटच आहे. परंतु ब्रिटिश खाणकामगाराच्या डोक्यावर हंगामापूर्वी घेतलेली रक्कम नसे. येथे ती असते. हा भेद किरकोळ मानता येणार नाही.

मुकादमाचा प्राधिकार

चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्राधिकार आदेश देणाऱ्याच्या पदात नसून आदेश घेणाऱ्याच्या स्वीकृतीत असतो. या प्रतिपादनाचा प्रत्यय घेण्यासाठी उसाच्या फडाइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. कोणाचा ऊस केव्हा तोडावयाचा याचा कार्यक्रम लागवडीची नोंद व जात पाहून कारखान्याचा शेतकी विभाग ठरवितो आणि चिटबॉय तो फडापर्यंत पोहोचवितो. कागदावर हा कारखान्याचा आदेश असतो; प्रत्यक्षात मुकादमाची मान हलल्याशिवाय टोळी जागची हलत नाही. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात ऊस अतिरिक्त झाला, तेव्हा तोडीसाठी ताटकळलेल्या शेतकऱ्याकडून 'खुशाली' मागितली जात असल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या. कारखान्याचा मालक असलेला सभासद आपल्याच उसासाठी पैसे मोजतो, हे चित्र औपचारिक संघटनेच्या आलेखात कोठेही बसत नाही. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर वजन व साखर उतारा दोन्ही घटतात. म्हणूनच मुकादमाशी वाद घालण्यास कोणालाच सवड नसते. त्याचे सामर्थ्य या घाईतून येते.

उचल, खाडा आणि अभिप्रेरणा

टोळीला बांधून ठेवणारा धागा म्हणजे 'उचल'. हंगामापूर्वी कारखान्याची रक्कम वाहतूकदारामार्फत मुकादमाकडे आणि मुकादमाकडून कोयत्याकडे जाते. ती पुढे टनामागील दरातून फेडावयाची असते. न फिटलेली 'बाकी' पुढील हंगामात फिरते. हॉथॉर्नच्या वायरिंग कक्षातील कामगार उत्पादनाची मर्यादा आपसात ठरवून घेत आणि ती ओलांडणाऱ्याला दटावीत. येथे उलट घडते. बाकी फिटावी म्हणून पहाटेपासून काम चालते आणि कोणी मागे राहिल्यास गटच त्याला पुढे रेटतो. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या द्विघटक सिद्धान्ताच्या भाषेत बोलावयाचे तर स्वास्थ्य घटक (पाणी, निवारा, शौचालय) येथे अपुरे आहेत आणि अभिप्रेरक घटकांच्या जागी कर्ज बसले आहे. वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ चा आहे, याचे स्मरण येथे होणे साहजिक आहे.

याची सर्वाधिक झळ स्त्रीला बसते. कोयता दोघांचा असला तरी उचल बहुधा पुरुषाच्या नावाने घेतली जाते व हिशेबही त्याच्याशीच होतो. कामावर न आल्यास पडणारा 'खाडा' मात्र दोघांपैकी कोणाच्याही आजारपणाने लागतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या चर्चेत मासिक पाळी, खाडा आणि दंड यांचा परस्परसंबंध ठळकपणे समोर आला. अनुपस्थितीचे व्यवस्थापन हा पाठ्यपुस्तकातील एक छोटा मुद्दा. येथे त्याची किंमत शरीराने मोजली गेली.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

मालक कोण, याचे उत्तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवून देतो. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी असतो, आणि मुकादम स्वतःला कामगारांपैकीच एक मानतो. यात तथ्यही आहे, कारण उचल घेऊन कोयता न आल्यास तोच कर्जात बुडतो. संघटनांमध्येही कामगार व मुकादम बहुधा एकत्रच राहिले. पाथर्डीचे बबनराव ढाकणे यांच्यासारख्या नेत्यांनी हा प्रश्न लढविला. दरवाढीची बोलणी नेत्यांच्या लवादापुढे होत आली असून जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. मुकादमाचे कमिशन तोडणीच्या रकमेवर टक्केवारीने मिळत असल्याने दरवाढीत त्याचेही हित गुंतलेले असते. बाकीच्या हिशेबाची चोख पावती प्रत्येक कोयत्याला मिळावी, या मागणीत तसे हित नसते.

२०१९ मध्ये गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची स्थापना झाली आणि त्यासाठी गाळप झालेल्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घेण्याचे पुढे ठरले. म्हणजेच कल्याणाच्या खर्चापुरता का होईना, कारखाना या कामगाराशी जोडला गेला. २०२१ च्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेमुळे प्रारंभी बीड, अहमदनगर व जालना जिल्ह्यांत मुलांना गावीच ठेवण्याची सोय होऊ लागली. नोंदणी, ओळखपत्र आणि स्त्री-पुरुष दोघांच्या नावे स्वतंत्र खाते ही पुढील पायरी कारखान्याच्या कर्मचारी विभागाने उचलावयाची आहे. या विभागाजवळ हंगामी कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवण्याचा अनेक दशकांचा अनुभव आहे, त्यामुळे हे काम त्याच्या आवाक्याबाहेरचे नाही.

दरम्यान, अनुदानाच्या आधाराने ऊसतोडणी यंत्रे फडात येऊ लागली आहेत. यंत्राला चालक व मोजके मदतनीस पुरतात. लहान आणि तुकड्यांच्या फडात ते नीट वळत नाही, म्हणून तेथे कोयताच राहतो. मोठे, सपाट फड यंत्राकडे आणि अवघड फड टोळीकडे अशी वाटणी झाल्यास टनामागील तोच दर अधिक कष्टात मिळेल, आणि उचल मात्र पूर्वीइतकीच फेडावी लागेल.