जमिनीचा हिशेब चुकला की वाहिनीचे संरक्षण चुकते : अंतर-रिलेच्या जुळणीमागील शास्त्र

भिलाई (छत्तीसगड) : १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या पोलाद प्रकल्पामुळे भिलाई देशाला परिचित आहे. पश्चिम विभागीय वीजजाळ्यातही या शहराचे स्थान महत्त्वाचे आहे. कोरबा परिसरातील औष्णिक वीज ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांतून येथे येते, तर भिलाई–कोराडी वाहिनी छत्तीसगड आणि विदर्भ यांना जोडणाऱ्या दुव्यांपैकी एक आहे. अशा वाहिनीवर बिघाड झाला तर तो कोठे आहे हे ओळखून ती सेकंदाच्या अंशात जाळ्यातून वेगळी करण्याचे काम उपकेंद्रातील अंतर-रिले करतो.

या रिलेचे तत्त्व सोपे आहे. तो वाहिनीच्या टोकाशी व्होल्टेज आणि प्रवाह मोजतो. व्होल्टेजला प्रवाहाने भागले असता विजेला होणारा एकूण विरोध, म्हणजेच इम्पिडन्स मिळतो. तारेची लांबी वाढते त्या प्रमाणात हा विरोधही वाढतो. त्यामुळे मिळालेल्या आकड्यावरून बिघाड किती किलोमीटरवर आहे हे कळते. वाहिनीच्या सुमारे ८० टक्के लांबीपर्यंतच्या बिघाडावर रिले तत्काळ ब्रेकर उघडतो. हा पहिला टप्पा. दुसरा टप्पा वाहिनीचे दुसरे टोक ओलांडून पुढे पोहोचतो आणि सेकंदाच्या काही दशांशांनी कार्य करतो. तिसरा टप्पा पुढील वाहिनीसाठी राखीव संरक्षण म्हणून त्याहून विलंबाने काम करतो.

गुंतागुंत निर्माण होते ती एक तार जमिनीशी जोडली गेल्यास. उच्चदाब वाहिन्यांवरील बहुसंख्य बिघाड याच प्रकारचे असतात : वीज कोसळणे, इन्सुलेटर निकामी होणे, झाडाची फांदी तारेजवळ येणे. अशा वेळी प्रवाह तारेतून जातो आणि जमिनीतून परततो. या परतीच्या मार्गाचा विरोध तारेपेक्षा वेगळा असतो. तो हिशेबात धरण्यासाठी रिलेमध्ये भू-भरपाईचा गुणांक भरावा लागतो.

उदाहरणार्थ, वाहिनीचा नेहमीचा विरोध प्रतिकिलोमीटर ०.३३ ओहम आणि जमिनीतून परतणाऱ्या प्रवाहासाठीचा शून्य-क्रम विरोध सुमारे १ ओहम असल्याचे मानू. दोहोंतील फरकाला नेहमीच्या विरोधाच्या तिपटीने भागले की गुणांक सुमारे ०.६७ येतो. तो भरलाच नाही, तर बिघाड प्रत्यक्षापेक्षा १.६७ पट दूर भासू शकतो. म्हणजे १०० किलोमीटरच्या वाहिनीवर ६० किलोमीटरवर झालेला बिघाड थेट दुसऱ्या टोकाशी असल्यासारखा दिसेल. जेथे तत्काळ कारवाई हवी, तेथे रिले दुसऱ्या टप्प्याच्या विलंबाची वाट पाहील. उलट, गुणांक प्रमाणाबाहेर मोठा ठेवला तर पलीकडील वाहिनीवरचा बिघाडही जवळचा वाटून निरोगी वाहिनी बंद पडू शकते.

हा गुणांक तक्त्यातून उचलून चालत नाही. शून्य-क्रम विरोध जमिनीच्या विद्युत गुणधर्मांवर आणि मनोऱ्यावरील भू-तारेवर अवलंबून असतो. ओलसर काळी माती आणि कोरडा खडक यांत मोठी तफावत असते. शेजारून समांतर वाहिनी जात असल्यास तिच्या प्रवाहाचा प्रभावही मोजमाप बिघडवतो. म्हणूनच वाहिनीचा विरोध प्रत्यक्ष चाचणीने मोजून घेणे श्रेयस्कर ठरते.

ठिणगी, फांदी किंवा मनोऱ्याचा पाया यांच्या अतिरिक्त विरोधासाठी रिलेची पकड आडव्या दिशेने रुंद ठेवावी लागते. मात्र ती अतिरुंद झाल्यास जड भारही बिघाड भासण्याचा धोका असतो. समतोल भारात जमिनीतून परतणारा प्रवाह जवळजवळ नसतो. त्यामुळे असा प्रवाह आढळल्यावरच भू-घटक जागा व्हावा, अशी अट घातली जाते.

पकड चुकल्यास काय घडते, हे देशाने ३० जुलै २०१२ रोजी अनुभवले. त्या रात्री अडीचच्या सुमारास मध्य प्रदेशातील बीना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्ट वाहिनी तिसऱ्या टप्प्याच्या कार्यामुळे बंद पडली. तेथे बिघाड नव्हता. वाढलेल्या भारालाच रिलेने बिघाड मानले होते. उत्तर विभागाचे वीजजाळे कोसळले. दुसऱ्याच दिवशी तीच वाहिनी पुन्हा बंद पडली आणि उत्तर, पूर्व व ईशान्य विभागांतील ६० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या प्रदेशाला त्याची झळ बसली. ती चूक जमिनीच्या गुणांकाची नव्हती, पण धडा समान आहे : रिले स्वतः विचार करत नाही, त्यात भरलेल्या आकड्यांचे तो पालन करतो.

त्यामुळे वाहिनीची लांबी बदलली, मध्ये नवे उपकेंद्र आले किंवा शेजारी दुसरी वाहिनी उभी राहिली, की दोन्ही टोकांच्या रिलेची जुळणी नव्याने तपासणे आवश्यक असते.