‘चांगले’ कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाचा रुग्ण

वैद्यक हा माझ्या अध्यापनाचा विषय नव्हे. मला या विषयाकडे ओढले ते एका विशेषणाने. ‘चांगले कोलेस्टेरॉल’ असे आपण सर्रास म्हणतो. वस्तुतः कोलेस्टेरॉल एकच, ते रक्तातून वाहून नेणारे कण तेवढे निरनिराळे. एलडीएलचे कण ते पेशींकडे नेतात, एचडीएलचे कण रोहिणीच्या भित्तीतील जादा साठा उचलून यकृताकडे परत आणतात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे १९४८ पासून चाललेल्या पाहणीत, एचडीएल अधिक असणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो असे १९७७ मध्ये दिसले आणि त्या विशेषणाला बळ मिळाले.

एचडीएलचे दुसरे, कमी परिचित काम राखणदाराचे आहे. रोहिणीच्या अस्तरात शिरलेल्या एलडीएलचे ऑक्सिडीकरण झाले की भक्षक पेशी ते गिळून फुगतात आणि तेथेच मेदाचा थर साचू लागतो. हे ऑक्सिडीकरण थोपवणारे पॅराऑक्सोनेज नावाचे एन्झाइम एचडीएलच्या कणावरच बसलेले असते. (पॅराथिऑन या कीटकनाशकापासून शरीरात बनणाऱ्या पॅराऑक्सॉन या विषाचे ते विघटन करते, म्हणून हे नाव. हृदयाशी असलेले त्याचे नाते मागाहून कळले.)

दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात एचडीएल बहुधा घटते. पण उरते तेही पूर्वीचे राहत नाही. रक्तात साचणारी त्याज्य द्रव्ये आणि सततचा दाह यांमुळे कणावरील प्रथिने बदलतात, पॅराऑक्सोनेज मंदावते. राखणदार जागेवर असतो, हातची काठी गेलेली असते. तपासणीच्या कागदावर मात्र राखणदारांची केवळ संख्या येते. विशेषण गुणाचे, आकडा परिमाणाचा! या रुग्णांपैकी पुष्कळजण डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच हृदयविकाराने दगावतात, आणि घरच्यांचे सारे लक्ष क्रिएटिनिनवर खिळलेले असते.

नुसता आकडा वाढवून भागत नाही, हे २००६ मध्ये दिसले. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल सुमारे ७२ टक्क्यांनी वाढले. परंतु ते घेणाऱ्यांत मृत्यूच अधिक झाल्याने पंधरा हजार रुग्णांवरील चाचणी डिसेंबरात थांबवावी लागली. त्या औषधाने रक्तदाबही वाढत असे, हे खरे. याउलट २०११ च्या ‘शार्प’ चाचणीत मूत्रपिंडाच्या सुमारे ९,२७० रुग्णांपैकी ज्यांना एलडीएल घटविणारी सिम्वास्टॅटिन व एझेटिमाइब ही औषधे दिली, त्यांच्यात रोहिणीकाठिण्याचे मोठे आघात १७ टक्क्यांनी कमी झाले. डायलिसिसवरील मधुमेही रुग्णांत मात्र जर्मनीतील २००५ च्या चाचणीत ॲटोरव्हास्टॅटिनचा निर्णायक लाभ दिसला नव्हता.

म्हणून मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिनबरोबर लघवीतील अल्ब्युमिनही तपासून घ्यावे, आणि विकार आढळल्यास हृदयासाठी स्टॅटिन हवे का, हे डॉक्टरांना तेव्हाच विचारावे. मग एचडीएलचा आकडा कितीही समाधानकारक असो.